पद्मनाभांची कामं

विश्वासराव मोहित्यांच्या घरी मी १९९७ च्या जूनमध्ये भाडेकरू म्हणून गेलो. बेंगळूरच्या बसवनगुडीत, नंदीच्या देवळाकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या पोटात एक गल्ली होती. तिथं खाली ते आणि सगुणाबाई, वर मी. मी पुण्याहून आलेला, एका कंपनीत जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करायचं काम करणारा. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. त्यांनी त्यातला ‘कंप्युटर’ हा एकच शब्द ऐकला, आणि तेव्हापासून घरातल्या वीज लागणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल माझा सल्ला घेतला जाऊ लागला. मिक्सरबद्दलसुद्धा.

विश्वासराव तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. उभे राहिले की दाराच्या चौकटीत नीट मावायचे नाहीत आणि बोलले की गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचे. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आले. हे ते असं सांगायचे, की परवाच सामान उतरवलं असावं. तीस वर्षं त्यांनी टायपिंगचा वर्ग चालवला. तो बंद झाल्यावर समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची यादी ठेवायचं काम अंगावर घेतलं. ही यादी होती लॅपटॉपवर. चुलतभावाच्या मुलानं सिंगापूरहून आणलेला, राखाडी पडद्याचा, मोडलेल्या बिजागरीचा. पडदा मागं पडू नये म्हणून त्याला पितळी तांब्याचा टेकू असे. विश्वासराव लॅपटॉप चालू करून आंघोळीला जायचे. बाहेर येईपर्यंत तो जेमतेम जागा झालेला असायचा.

त्याचं एम हे बटण कधीतरी निघालं आणि केरात गेलं. यादी इंग्रजी अक्षरांत. त्यामुळं माने घराण्यातल्या मुली ‘आने’ झाल्या. एका वरपित्यानं फोन केला, “विश्वासअण्णा, कन्नडमध्ये मने म्हणजे घर, ते असतं तर चाललं असतं. आने म्हणजे हत्ती. हत्तीची मुलगी आम्हाला कशाला?” पण त्या बटणाचा एक फायदाही झाला. मंगळ असलेल्यांच्या नावापुढं एम लिहायची पद्धत होती. ते लिहिताच येईना, म्हणून दोन वर्षं समाजात एकालाही मंगळ नव्हता. त्या दोन वर्षांत लग्नं भराभर जमली.

अठ्ठ्याण्णवच्या गणपतीनंतर पडदा कायमचा काळा झाला. “अवधूतप्पा, स्वल्प खाली ये,” अशी हाक आली. मी गेलो, तांब्या हलवून बघितला, मान हलवली. दुसऱ्या दिवशी आम्ही एस. पी. रोडला जुने लॅपटॉप बघायला निघालो.

देवाप्पा नावाच्या माणसाचं दुकान अरुंद जिन्यावरून वर होतं. लॅपटॉप पुस्तकांसारखे एकावर एक रचलेले. विश्वासरावांनी त्यातला एक उचलून पारखायला घेतला. बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं, पण हेच प्रश्न मी त्यांच्या ओसरीवर मराठीत इतक्यांदा ऐकले होते की अर्थ कळायला अडचण नव्हती.

“याचं पहिलं घर कुठलं?”

“म्हणजे, सार?”

“पहिला मालक कोण? का सोडलं त्यानं याला?”

“कंपनी होती सार, चांगली. इथलं ऑफिस बंद करून चेन्नईला गेली. सगळं एका लॉटमध्ये विकलं. याच्यात दोष काही नाही.”

“दोष नाही म्हणून सगळेच सांगतात. पडला-बिडला होता का? काही ऑपरेशन?”

“बॅटरी नवी टाकली. आतली धूळ काढली. रीकंडिशन म्हणजे अगदी नव्यासारखा.”

“वय?”

“एक वर्ष.”

“खरं वय.”

देवाप्पानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. “अडीच,” तो म्हणाला.

“सरी, ठीक आहे,” विश्वासराव म्हणाले आणि माझ्याकडं वळले. “तू तज्ज्ञ. तुझं काय म्हणणं?”

मी तो चालू केला. रंगीत पडदा उजळला, मी एम दाबलं, एम उमटलं. चांगला आहे, असं मी सांगितलं. आतलं जुनं सगळं पुसलंय का, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. पुढं जे झालं त्याला मी तेवढ्यापुरता जबाबदार आहे.

पहिले तीन दिवस विश्वासराव यादीत एम भरत बसले. बावीस जणांना रातोरात मंगळ लागला आणि आठवडाभर तक्रारी येत राहिल्या. चौथ्या दिवशी सकाळी सगुणाबाई इडल्या वाढत असताना लॅपटॉप टुणटुणला. पडद्यावर चौकट आली होती: व्हिटॅमिनची गोळी.

“बघा,” सगुणाबाई म्हणाल्या, “तुम्ही वाळलात म्हणून त्यालापण दिसतंय.”

विश्वासरावांनी कपाटातली एक गोळी शोधून घेतली आणि मग मला बोलावलं. मी बघितलं. आत कुणाची तरी रोजनिशी होती, वर नाव टी. पद्मनाभ. कामं महिनोन्‌महिने पुढची लिहून ठेवलेली, प्रत्येकाला गजर लावलेला. मी म्हटलं, “एका मिनिटात पुसून टाकतो.”

“थांब, थांब. उद्याचं काय लिहिलंय?”

उद्याचं होतं: गुरुवार, अकरा वाजता. बोम्मसंद्रा. खुर्च्या. गिरीराज. खाली कारखान्याचा पत्ता.

“म्हणजे हे गिरीराज उद्या वाट बघत बसणार.”

“बसतील आणि उठतील. आपला काय संबंध?”

“अवधूतप्पा, कुणीतरी कुणाला येतो म्हणून सांगितलंय. तो शब्द आपल्या घरात येऊन पडलाय. पुसायचा कसा? निदान येणार नाहीत म्हणून कळवायला नको?”

कारखान्याचा फोन सतत एंगेज्ड येत होता. देवाप्पाला विचारलं, तर त्याला पद्मनाभ माहीत नव्हते. त्याला फक्त लॉट माहीत होता. शेवटी मी गुरुवारची रजा टाकली आणि विश्वासरावांना माझ्या मोटरसायकलवर मागं बसवून होसूर रोडला लागलो. माझ्या मनाला बोच होती, आणि मागं बसल्या बसल्या त्यांनी ती आणखी वाढवली नाही. कारण वाटभर ते मला रस्ता सांगत होते, आणि तो रस्ता सरळ होता.

कारखान्याच्या फाटकात एक बारीक, घामाघूम माणूस उभा होता. तोच गिरीराज. आम्हाला बघून त्यानं हात जोडले. “बन्नी सार, या या! तीन महिने झाले. एका शाळेच्या दोनशे खुर्च्या तयार करून ठेवल्यात. तुमच्या कंपनीनं तपासल्याशिवाय माल हलवता येत नाही.”

“मी पद्मनाभ नाही,” विश्वासराव म्हणाले.

“नका असू. त्यांनी पाठवलंय ना?”

“त्यांनी नाही पाठवलं. त्यांच्या लॅपटॉपनं पाठवलं.”

गिरीराज माझ्याकडं वळून आदरानं म्हणाला, “आता सगळंच कंप्युटरवर झालंय.”

विश्वासरावांनी पुन्हा सुरुवातीपासून सगळं सांगितलं. देवाप्पा, लॉट, गोळी. गिरीराजनं ते पूर्ण ऐकून घेतलं, मग नारळपाणी मागवलं आणि आम्हाला शेडमध्ये नेलं. तिथं दोनशे निळ्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या, सभा भरायची होती आणि लोकच आले नाहीत असं वाटावं तशा. “सार, तुम्ही कुणीही असा,” तो म्हणाला, “पण आलात तर एकदा बसून बघा. कुणीतरी बघायला पाहिजे हो. एवढ्या केल्यात.”

हे मात्र विश्वासरावांना समजलं. दाखवायला नटूनथटून बसलेल्या मुलीला न बघता परतायचं नसतं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. ते पहिल्या खुर्चीवर बसले. उठले. दुसरीवर बसले. शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायला जेवणाची सुटी धरून सव्वातीन वाजले. शंभराव्या खुर्चीनंतर कामगार काम सोडून बघत उभे राहिले. एक खुर्ची करकरली की विश्वासराव थांबायचे, पुन्हा एकदा टेकायचे, आणि हळहळून म्हणायचे, “हिला काहीतरी आहे.” अशा सात निघाल्या.

गिरीराजनं कागद पुढं केला. विश्वासरावांनी टायपिंगच्या मास्तरांना शोभेलशा अक्षरात लिहिलं, ‘मी पद्मनाभ नाही. माझा कंपनीशी संबंध नाही. दोनशे खुर्च्यांवर बसलो. सात करकरतात.’ खाली स्वतःचं नाव, घरचा पत्ता, सही. गिरीराजनं आमच्यासमोरच तो कागद चेन्नईला फॅक्स केला. वीस मिनिटांत उत्तर आलं: अहवाल मिळाला, आभारी आहोत, सात दुरुस्त करून माल पाठवावा.

परतीच्या वाटेवर विश्वासराव उभं राहून येता आलं असतं तर बरं, असं म्हणाले.

रविवारी नऊ वाजता चौकट आली: अम्मा. फोन. खाली म्हैसूरचा नंबर. मी पेपर घ्यायला खाली आलो होतो. विश्वासरावांनी माझ्याकडं न बघताच नंबर फिरवला.

“हलो! मी पद्मनाभ नाही!” ते कन्नडमध्ये गरजले.

पलीकडच्या बाईंचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. “ते कळलं मला. पद्मनाभ इतक्या मोठ्यानं बोलत नाही. कोण तुम्ही?”

विश्वासरावांनी सगळं सांगितलं. “तर त्यांच्या लॅपटॉपमध्ये रविवारी तुम्हाला फोन करायचा म्हणून लिहून ठेवलंय.”

बाई म्हणाल्या, “मला फोन करायचं लिहून ठेवावं लागतं त्याला?”

विश्वासराव गडबडले. “तसं नाही अम्मा. गोळीचंपण लिहिलंय.”

यावर अम्मा हसल्या, की दुसरं काही केलं, ते मला कळलं नाही. आठ आठवडे मुलाचा फोन नव्हता, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडं नंबर होता तो ऑफिसचा, आणि तो आता कुणी उचलत नव्हतं. पत्रांना ‘कामात आहे’ एवढंच उत्तर येत होतं. मग त्यांनी विश्वासरावांना विचारलं, तुम्ही काय करता? पाऊण तास ते यादीबद्दल बोलत होते. हत्तीची गोष्ट सांगितली तेव्हा रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला, इतक्या अम्मा हसल्या.

बुधवारी चार वाजता दाताचा डॉक्टर, जयनगर. मी ऑफिसात होतो, त्यामुळं हे नंतर ऐकलं. फोननं भागलं असतं, पण गुरुवारच्या अनुभवानंतर विश्वासरावांना प्रत्यक्ष जाण्याचं महत्त्व पटलं होतं. डॉक्टर सौम्या नावाच्या तरुण बाई होत्या. “पद्मनाभ येणार नाहीत,” हे सांगायला विश्वासरावांनी तोंड उघडलं, आणि बाई म्हणाल्या, “तसंच उघडं ठेवा.” तासाभरानं ते एक दाढ कमी होऊन घरी आले.

“अहो, कुणाची दाढ काढायची होती आणि कुणाची काढली!” सगुणाबाई ओरडल्या.

“दुखत होती ती,” गालाला हात लावून विश्वासराव म्हणाले. “वर्षभर दुखत होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं.”

त्यानंतर सगुणाबाई लॅपटॉपच्या धाकात असल्यासारख्या वागू लागल्या. तो टुणटुणला की आधी स्वतः वाकून बघायच्या आणि काय काढायचं लिहिलंय असं विचारायच्या.

असे तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी अम्मांनी एकदम विचारलं, “त्याची नोकरी गेली ना हो?”

खोटं बोलायची सवय विश्वासरावांना नव्हती; यादीतसुद्धा जे खोटं होतं ते बटणामुळं. “अम्मा, लॅपटॉप तरी गेला,” ते म्हणाले.

“मग नोकरीपण गेली. मला वाटलंच होतं. पत्ता लिहून घ्या. त्याला जाऊन सांगा, अम्माला सगळं कळलंय. लपायचं काम नाही.”

पत्ता मारतहळ्ळीचा होता. तेव्हा तिकडं विमानतळाच्याही पुढं जावं लागायचं. निलगिरीची झाडं, मधे मधे नवी कोरी घरं, त्यांच्यापुढं वाळूचे ढीग. पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. अशाच एका घराच्या गच्चीवरच्या खोलीचं दार वाजवलं. दार उघडलं ते पंचेचाळिशीच्या, इस्त्रीचा शर्ट आणि टाय घातलेल्या माणसानं. पायांत मात्र रबरी चपला होत्या.

“टी. पद्मनाभ?” विश्वासरावांनी विचारलं.

“हो.”

विश्वासरावांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता ते त्याला मिठी मारतात. महिनाभर ते प्रत्येकाला ‘मी पद्मनाभ नाही’ हेच सांगत होते. तो असलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

आत एक खाट होती आणि एक खुर्ची. पद्मनाभ सकाळी आठला टाय लावून बाहेर पडायचे, तळ्याला वळसा घालून मागच्या जिन्यानं परत यायचे आणि संध्याकाळी सहाला पुन्हा घरी आल्यासारखे पुढून यायचे, कारण घरमालक खाली राहत होते. शनिवारी ऑफिसला अर्धा दिवस असायचा, तोही ते पाळत होते. हे सगळं त्यांनी खालच्या आवाजात, कुणाच्या तरी आजाराबद्दल सांगावं तसं सांगितलं. कंपनी चेन्नईला गेली, त्यांना मात्र नेलं नाही.

“मी नसल्यानं काही अडलं असेल असं वाटत नाही,” ते म्हणाले. “तीन महिन्यांत कुणी चौकशीसुद्धा केली नाही.”

“कुणी म्हणून काय विचारताय!” विश्वासराव खुर्चीवर बसले आणि बोटांवर मोजायला लागले. “गिरीराज फाटकात उभे होते. दोनशे खुर्च्या अडल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी तुमची वेळ राखून ठेवली होती, त्यात माझी दाढ गेली. हे बघा.” आणि त्यांनी तोंड उघडून दाखवलं.

पद्मनाभांनी वाकून बघितलं. “खुर्च्या पास झाल्या?”

“सात करकरत होत्या.”

“करकरत होत्या म्हणजे? तुम्ही बसलात?”

“मग बसल्याशिवाय कसं कळणार?”

पद्मनाभ खाटेवर टेकले. “अकरा वर्षं मी खुर्च्या पास केल्या,” ते म्हणाले. “मोजायचो आणि सही करायचो. एकावरही कधी बसलो नाही.” ते हसायला लागले. आधी हळू, मग टाय सैल करून. हसता हसता एकदम थांबले आणि म्हणाले, “आणखी काय काय होतं त्यात?”

“अम्मा होत्या. रविवारी नऊला.”

त्यांचा चेहरा उतरला.

“मी करत होतो फोन,” विश्वासराव म्हणाले. “पण मी तुमच्या गावचा नाही, जातीचा नाही, आणि मला त्यांच्या गुडघेदुखीचं काही माहीत नाही. किती दिवस चालवायचं? त्यांना सगळं कळलंय. मी सांगितलं नाही. मी फक्त लॅपटॉप गेला म्हटलं. लपायचं काम नाही, असा निरोप आहे. उठा.”

“रविवारी करतो.”

“आज करा. लॅपटॉप माझ्याकडं आहे, रविवारी तुम्हाला आठवण कोण करणार?”

कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता. पद्मनाभ टाय आणि रबरी चपलांत काचेच्या आत उभे राहिले, आम्ही बाहेर. “अम्मा, मी,” एवढं ऐकू आलं. मग ते नुसतं ऐकत होते. मला वाटलं, त्या रागावतायत. नंतर कळलं, की अम्मांचा विश्वासच बसत नव्हता. आज शनिवार, शनिवारी हा कशाला करेल, असं त्या म्हणत होत्या आणि खात्री करायला त्यांनी त्याला लहानपणी चावलेल्या कुत्र्याचं नाव विचारलं. पद्मनाभांनी ते बरोबर सांगितलं. मग काचेकडं पाठ करून ते बोलू लागले. विश्वासरावांनी मला बखोटीला धरून निलगिरीच्या झाडाखाली नेलं. “बघत उभं राहू नये,” ते म्हणाले, आणि स्वतः मान वळवून बघत राहिले.

पद्मनाभ त्या आठवड्यात म्हैसूरला गेले ते दसरा करूनच परतले. आल्यावर गिरीराजला भेटले, आणि माल तपासण्याच्या कामावर त्याच्याच कारखान्यात लागले. दर खुर्चीवर बसून बघायची पद्धत त्यांनीच तिथं सुरू केली. चेन्नईच्या कंपनीनं मात्र विश्वासरावांच्या नावे एक पत्र पाठवलं: आपल्या बेंगळूर शाखेचं काम उल्लेखनीय आहे. विश्वासरावांनी ‘मी तुमची शाखा नाही’ असं कळवलं. त्यालाही आभाराचं उत्तर आलं.

एके दिवशी पद्मनाभ बसवनगुडीला जेवायला आले. मी रोजनिशी उघडून त्यांच्यासमोर ठेवली, आता तरी ही पुसू या म्हणून. त्यांनी एकेक चौकट बघत स्वतःच पुसायला घेतलं. बोम्मसंद्रा पुसलं, जयनगर पुसलं, गोळी पुसली. रविवारच्या नऊपाशी आले तेव्हा विश्वासराव ताटावरून ओरडले, “ते राहू दे!”

“तुम्हाला कशाला ते? आता मी करतो की फोन.”

“तुम्ही तुमचा करा.”

यातून पुढं अडचण अशी झाली, की दोघेही रविवारी नऊलाच फोन करू लागले. विश्वासराव नऊला दोन मिनिटं असतानाच नंबर फिरवायचे. समाजात कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, हे अम्मांना सगळं हवं असायचं, आणि पद्मनाभ नुसतं तब्येत विचारतात अशी त्यांची तक्रार होती. पावणेदहापर्यंत पद्मनाभांना नुसता एंगेज्ड टोन ऐकू यायचा. मग ते वैतागून विश्वासरावांच्या घरी फोन करायचे, तर तोही एंगेज्ड. शेवटी त्यांनी माझ्या ऑफिसात निरोप ठेवला: कृपया मोहित्यांना सांगावं, आईशी बोलायला मला साडेआठ ते नऊ ही वेळ मिळावी.

मी निरोप पोचवला. विश्वासरावांनी विचार केला. “सरी,” ते म्हणाले, “पण त्यांना सांग, वेळेवर फोन सोडायचा.”